घरी शिवलेले लंगोट, दुपटी, लाळेरी आणि आजीची गोधडी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

लेक आता साडेआठ महिन्यांची आहे. तिच्यासाठी घरी शिवलेल्या वस्तूंपैकी कोणत्या खरंच वापरल्या गेल्या, कोणत्या कपाटात गेल्या आणि कोणत्या मी पुन्हा करणार नाही, हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं. डोहाळजेवणानंतर मी माहेरी साताऱ्याला आले, तेव्हा मलाही असं सांगणारं कुणीतरी हवं होतं. लंगोटांचं कौतुक सगळे करत होते, पण जून-जुलैच्या पावसात ते वाळतात का, हे कुणीच सांगत नव्हतं.

लंगोटांपासूनच सुरुवात करते, कारण पहिले तीन महिने आमचं घर त्यांच्यावरच चाललं. आजोबांची चार जुनी धोतरं आजीने ट्रंकेत जपून ठेवली होती. एका धोतरातून दोन-दोन फुटांचे डझनभर चौकोन निघाले, म्हणजे एकूण ४८ लंगोट. चौकोन दुमडून त्रिकोण करायचा, दोन टोकांना बंद लावायचे, झाला लंगोट. वर्षानुवर्षं धुऊन त्या धोतराचा जो पोत झाला होता, तो नव्या कापडाला येत नाही. हे मी नुसतं आजोबांच्या आठवणीने म्हणत नाही. कमी पडतील म्हणून मी तीन मीटर नवी मलमल आणली होती. तिचे लंगोट पहिली पाच-सहा धुणी होईपर्यंत पाणीच शोषत नव्हते, ओल बाळाच्या थेट पाठीपर्यंत जायची. नव्या कापडाला खळ असते, ती निघेपर्यंत हे असंच. शेवटी रात्रभर गरम पाण्यात भिजवून, दोनदा उकळून घेतले तेव्हा कुठे ते वापरण्याजोगे झाले. तुमच्याकडे जुनं सुती कापड नसेल आणि नवंच घ्यायचं असेल, तर बाळ यायच्या आधी ते किमान सात-आठ वेळा धुऊन काढा. कपडे मऊ करणारं जे द्रावण शेवटच्या पाण्यात घालतात, ते मात्र लंगोटांना लावू नका. कापड मऊ लागतं, पण शोषायचं कमी होतं.

दुसरी गोष्ट कडेची. पहिले वीस लंगोट आईने कड दुहेरी दुमडून मशीनवर शिवले होते. दिसायला फार नीटनेटके होते. पण आठवड्याभरात लेकीच्या जांघेत दोन्हीकडे बारीक लाल रेघ उमटली, अगदी शिवणीच्या रेषेवर. ते वीसच्या वीस आईने उसवले आणि आम्ही गल्लीतल्या पिको-फॉलवाल्या ताईंकडून सगळ्यांना पिको करून घेतला. पिकोची कड पातळ राहते, टोचत नाही. त्यानंतर रेघ पुन्हा आली नाही. नाळ पडेपर्यंत लंगोटाची वरची बाजू बेंबीच्या खाली दुमडायची, हेही आईनेच दाखवलं. आमच्याकडे नाळ नवव्या दिवशी पडली.

आता पाऊस. पहिल्या महिन्यात दिवसाला अठरा-वीस लंगोट लागायचे. ४८ म्हणजे जेमतेम अडीच दिवस, आणि जुलैत एक लंगोट वाळायलाच दोन दिवस. माजघरात, जिन्यात, स्वयंपाकघरात दोऱ्या बांधल्या होत्या. आजीचं म्हणणं होतं की शेगडीवर टोपली उपडी घालून तिच्यावर वाळवू. पण बाळाजवळ धूर नको असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि कपड्यांना तो वास धरतोच. मग इस्त्री. रोज संध्याकाळी बाबा बसून लंगोट इस्त्री करायचे. यातून मी एक शिकले : अर्धवट वाळलेला लंगोट हाताला कोरडा लागतो. तो स्वतःच्या गालाला लावून बघायचा, गालाला ओल लगेच कळते. हे कळायच्या आधी एकदा तिला पुरळ आलंच. डॉक्टरांनी झिंक ऑक्साइडचं मलम दिलं आणि दिवसातून तीन-चार वेळा थोडा वेळ लंगोटाशिवाय मोकळं ठेवायला सांगितलं. दोन दिवसांत उतरलं.

तिसऱ्या महिन्यापासून रात्री आम्ही विकतचं डायपर लावतो. याबद्दल मला घरातून आणि बाहेरूनही बरंच ऐकावं लागलं, म्हणून मुद्दाम लिहिते. दर दोन तासांनी ओल्याने उठणारं बाळ आणि त्याच्यासोबत उठणारी आई, दोघींना झोप हवी असते. दिवसा लंगोट, रात्री डायपर या वाटणीने आमचं घर शांत झालं. ऑफिस सुरू झाल्यावर पाळणाघरातही डायपरच लागतात. ज्या बाईला एकटीने सगळं करायचं आहे, तिने फक्त लंगोटांवर राहायचा हट्ट धरू नये असं मला मनापासून वाटतं. आमचे ४८ लंगोट चालले ते आई, आजी, अंघोळ घालायला येणाऱ्या मावशी आणि इस्त्रीवर बसलेले बाबा यांच्या हातांवर. पुण्याला परत आले, तेव्हा ते हात गेले आणि पहिल्याच आठवड्यात मी रडकुंडीला आले. मग नवऱ्याने रात्रीचं धुणं स्वतःकडे घेतलं ते आजतागायत.

आता गोधडी. तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे.

आजीचं वय ८१. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, लांबचं छान दिसतं, पण सुईत दोरा ओवता येत नाही. त्यामुळे मे महिन्यात रोज सकाळी चहा झाला की मी वीस सुयांत दोरे ओवून जुन्या उशीच्या तुकड्यात ओळीने टोचून ठेवायचे. दुपारपर्यंत ती उशी रिकामी व्हायची. वरचा थर आजीच्या इरकल लुगड्याचा, आत आईच्या दोन सुती साड्या, खाली धोतराचा उरलेला तुकडा. आधी जमिनीवर सगळे थर पसरून, तळहाताने सुरकुत्या काढून तिने चारी बाजूंनी मोठे कच्चे टाके घातले. मग कडेकडून आत येत धावदोरा, एक ओळ झाली की बोटभर अंतर सोडून दुसरी. मधून मधून ती हात थांबवून दोन थर चिमटीत धरून बघायची, आतला घसरला तर नाही ना. मीटरभर लांब आणि पाऊण मीटर रुंद गोधडीला १९ दिवस लागले. चौथा कोपरा मात्र तिने उघडा ठेवला. बाळ आलं की मगच मिटवायचा, हा तिचा नेम. दवाखान्यातून आम्ही घरी आलो त्या संध्याकाळी तिने तो मिटवला. आठ-दहा टाकेच असतील. लेक शेजारी झोपली होती.

वापराचं विचाराल तर आठ महिन्यांत ही गोधडी चाळीसएक वेळा धुतली असेल. तीन ठिकाणी दोरा तुटला, तोही कडेच्या ओळीत. कापड कुठेही विरलं नाही. रंग थोडा उतरला. लुगड्याचा काठ रेशमी आणि कडक, तो गालाला घासतो. म्हणून काठाची बाजू कायम पायाकडे ठेवतो. तुम्ही करणार असाल तर काठ काढूनच टाका, नाहीतर आमच्यासारखा एकाच बाजूला घ्या. उणीव एकच : जाड असल्याने भिजली की उन्हात चार-पाच तास आणि पावसात दोन दिवस. म्हणून गोधडीवर मेणकापड, मेणकापडावर दुपटं असा क्रम. दुपटं बदललं की झालं. शक्य असेल तर एका मोठ्या गोधडीऐवजी दोन लहान करा.

एक सांगते. गोधडी आम्ही खाली अंथरायलाच वापरली. झोपताना अंगावर जाड काही नको, तोंडाजवळ मऊ काही नको, बाळ पाठीवरच झोपवायचं, असं डॉक्टरांचं सांगणं होतं आणि ते मी पाळलं. दुपट्यात गुंडाळायचीही पद्धत त्यांनी सुधारली. आमच्याकडे पाय सरळ ओढून घट्ट गुंडाळायची सवय आहे. त्याने खुब्याच्या सांध्यावर ताण येतो. वर हवं तर नीट गुंडाळा, पण कमरेखाली सैल, पाय बेडकासारखे दुमडून फाकता आले पाहिजेत. आणि कुशीवर वळायला लागलं की गुंडाळणं बंद. आमच्याकडे ते चौथ्या महिन्यातच थांबलं.

याच कारणाने मोहरीची उशी बाद झाली. आजीने डोकं गोल व्हावं म्हणून मायेने शिवली होती. पण पहिलं वर्षभर उशीच नको असं सांगितलं गेलं. शिवाय पाचव्या आठवड्यात तिची शिवण उसवली आणि पहाटे चादरीवर मोहरी सांडलेली दिसली, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. डोक्याच्या आकारासाठी जागेपणी पालथं घालणं आणि झोपताना डोक्याची बाजू बदलत राहणं, एवढं केलं, पुरलं. आजीला वाईट वाटलं होतं. मग तीच मोहरी मी जाड सुती पिशवीत भरून घेतली. तव्यावर कोमट करून खांद्याला शेक घेते. पाजून पाजून खांदा भरून येतो, त्याला इतकं बरं वाटतं की आजीला फोन करून सांगितलं.

पाळण्यावर टांगायचं चिमणाळं मी स्वतः केलं, सव्वा महिना झाल्यावर, कारण त्याआधी आई हातात सुई धरू देत नव्हती. आठ चिमण्या, आत कापूस. चार रंगीत खणाच्या आणि चार साध्या, पांढऱ्यावर काळे ठिपके भरलेल्या. मला खणाच्या फार आवडल्या होत्या. लेक मात्र पहिले दोन महिने फक्त काळ्या-पांढऱ्यांकडे बघायची. तान्ह्या बाळाला वीत-दीड वीत अंतरावरचंच नीट दिसतं आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक आधी कळतो, म्हणून असावं. मणी अजिबात लावले नाहीत, डोळेसुद्धा दोऱ्यानेच भरले. पाचव्या महिन्यात तिचा हात पोचायला लागला, त्या दिवशी पाळण्यावरून काढलं. आता एकेक चिमणी सुटी करून खेळायला दिली आहे. दोरे सगळे कापून टाकले.

नणंदेने पाठवलेली कुंची खणाची, मोत्यांची, अप्रतिम हातकाम. बारशाला पंधरा मिनिटं घातली, तेवढ्यात मानेला घाम फुटला. फोटो काढून मलमलीत गुंडाळून ठेवली आहे. रोजच्या वापराला नाही, पण ती मी कुणालाही देणार नाही. टोपडी सहा होती, ती पहिल्या महिन्यात पहाटेच्या गारव्यापुरती लागली.

झोळीचा अनुभव मिश्र. आईच्या नऊवारीची, माजघरातल्या कडीला. दुपारी किरकिर करणारं बाळ पाच मिनिटांत गप्प व्हायचं. पण झोळीत हनुवटी छातीला टेकते. त्यामुळे कुणीतरी समोर बसलेलं असेल तरच घालायचो आणि झोप लागली की सपाट गादीवर ठेवायचो. वळायला लागल्यावर बंद केली.

सगळ्यात उपयोगी वस्तू मात्र अशी निघाली जिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं : लाळेरी. पुण्याला आल्यावर सासूबाईंनी जुन्या टर्किश टॉवेलाची चौदा लाळेरी शिवली, गळ्याशी मलमलीची पट्टी लावून. आधी बंदाची होती. लेक बंद चोखायची, ओला बंद गळ्याला गार लागायचा आणि बंद आवळले जाण्याची मला सतत धास्ती. मग मागे टिचबटणं लावली. ओढलं की सुटतं. बटणं पक्की बसली आहेत ना हे मी दर आठवड्याला ओढून बघते, कारण सुटलेलं बटण सरळ तोंडात जाईल. झोपताना लाळेरं काढतो. दात येताना दिवसाला सहा-सात लागली. उष्टावणानंतर वरणाचे पिवळे डाग पडायला लागले, तेव्हा सासूबाईंनी सांगितलं, साबणाने घासत बसू नकोस, ओलंच कडक उन्हात टाक. हळदीचा डाग उन्हात उडतो. खरंच दोन दुपारींत उडतो.

संक्रांतीला बोरन्हाण केलं. हलव्याचे दागिने चुलत सासूबाईंनी घरी गुंफले, हार, बांगड्या, कंबरपट्टा, बिंदी, काळ्या झबल्यावर इतके शोभले. पण सात महिन्यांचं बाळ हाताला लागेल ते तोंडात घालतं. दहा मिनिटांत दागिने उतरवले आणि सगळी जमीन झाडून मगच तिला खाली सोडलं. डोक्यावरून बोरं टाकली नाहीत, फक्त चुरमुरे आणि थोड्या पाकळ्या. बोरं आणि उसाचे करवे जमलेल्या मुलांना वाटले.

खर्चाचं सांगायचं तर पिको, दोरा, मलमल, टिचबटणं, मेणकापड मिळून पंधराशे रुपयांच्या आत. श्रमाचा हिशेब मात्र मोठा आहे, आणि तो वर लिहिलेल्या सगळ्या माणसांच्या नावावर आहे.

मामेबहिणीला एप्रिलमधली तारीख आहे. ३१ लंगोट अजून धड आहेत, ते उकळून, वाळवून, पेटीत भरले. बंद नवे लावले. तिच्या बाळाचे तान्हे दिवस उन्हाळ्यात जातील, त्यामुळे वाळायचा प्रश्न तिला येणार नाही. गोधडी तिला देऊ का, असं आजीला विचारलं, तर म्हणाली, तिची वेगळी करते, तू रविवारी ये आणि सुया ओवून दे.