सिंगापूरची रात्रीची शर्यत: घड्याळ भारताचंच ठेवा

मंगळवारी, १७ सप्टेंबर २०२४ला, सोसायटीच्या गणपतीचं विसर्जन केलं आणि बुधवारी रात्री मुंबईहून विमानात बसलो. मी, माझा नवरा, तेरा वर्षांची सई, सात वर्षांचा ओजस आणि एकाहत्तर वर्षांचे माझे सासरे, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. सई तीन वर्षं फॉर्म्युला वन बघते आहे. अण्णांनी आकुर्डीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं लेथ चालवलं. नातीच्या शेजारी बसून तेही बघायला लागले, आणि मग घरात दोन वेडे झाले. सिंगापूर ग्रां प्री बघायची हे त्या दोघांनीच ठरवलं. मी बँकेतून रजा काढली आणि नियोजन अंगावर घेतलं.

कुटुंबाला घेऊन जाणाऱ्यांसाठी लिहिते आहे. आम्ही परत आल्यावर ओळखीच्या चार घरांनी हेच विचारलं: मुलं आणि म्हातारं माणूस बरोबर असताना जमतं का? जमतं. पण एक गोष्ट आधी नीट समजून घ्यायला हवी, आणि ती तिकिटाची नाही, झोपेची आहे.

ही शर्यत शहरातल्याच रस्त्यांवर, रात्री होते. २००८ साली फॉर्म्युला वनची पहिली रात्रीची शर्यत इथेच झाली. शुक्रवारी पहिला सराव संध्याकाळी साडेपाचला, दुसरा रात्री नऊला. शनिवारी पात्रता फेरी रात्री नऊला. रविवारी शर्यत रात्री आठला. त्यानंतर गाण्यांचे कार्यक्रम, मग गर्दीतून वाट काढत हॉटेल. म्हणजे अंथरुणाला पाठ टेकायला रोज दीड वाजतो. ड्रायव्हर आणि संघातली माणसंसुद्धा तिथे युरोपच्या वेळेनेच राहतात, दुपारी उठतात आणि पहाटे झोपतात. आपल्याला तर हे त्यांच्याहून सोपं आहे. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. तिथले रात्रीचे दीड म्हणजे आपले अकरा. तिथले सकाळचे साडेनऊ म्हणजे आपले सात. मनगटावरचं घड्याळ बदललंच नाही तर मुलांची झोप मोडत नाही आणि अण्णांच्या गोळ्यांच्या वेळाही तशाच राहतात.

हे मला शनिवारी कळलं, आणि तेही रडारड झाल्यावर. आम्ही पुण्यातल्या एका ट्रॅव्हल एजन्सीकडून पॅकेज घेतलं होतं. त्यात शनिवारी सकाळी साडेसातला शहरदर्शन आणि रविवारी दुपारी सेंतोसा बेट. शुक्रवारी रात्री दीडला झोपलेल्या मुलाला सहाला उठवून बसमध्ये बसवलं. दहाच्या सुमारास तो भर उन्हात फुटपाथवर बसला आणि उठेचना. अण्णांचे पाय सुजले होते, पण ते एका शब्दाने बोलले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. आम्ही बस सोडली, टॅक्सीने परत आलो, पडदे ओढून तीन वाजेपर्यंत झोपलो आणि सेंतोसा रद्द केलं. पैसे परत मिळाले नाहीत. शिवाय पाच खुर्च्या एकत्र देतो म्हणून सांगितलं होतं, हातात आल्या तीन एका रांगेत आणि दोन पलीकडच्या रांगेत. एजन्सीकडून घेत असाल तर खुर्च्यांचे क्रमांक लेखी मागा आणि शर्यतीच्या तीन दिवसांत सकाळचं काहीही घालू देऊ नका. शहर बघायचं तर गुरुवारी आणि सोमवारी बघा.

व्हिसा अधिकृत एजंटमार्फतच काढावा लागतो, तिथे इलाज नाही. पण पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत जे एसजी अरायव्हल कार्ड भरायचं असतं ते सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. त्याचे पैसे कुणी मागितले तर देऊ नका. च्युइंगगम आणि खायची तंबाखू सामानात चालत नाही, घरातल्या ज्येष्ठांना आधीच सांगून ठेवा.

हॉटेल आम्ही लिटल इंडियात घेतलं आणि हा निर्णय शंभर टक्के बरोबर ठरला. ट्रॅकच्या अंगावरच्या हॉटेलांचे त्या आठवड्यातले दर आमच्यासारख्यांनी विचारूही नयेत. लिटल इंडियाहून मेट्रोने एक स्टेशन गेलं की धोबी घाट. हो, स्टेशनचं नावच ते आहे, आपल्याकडून गेलेल्या धोब्यांच्या घाटावरून पडलेलं. तिथे गाडी बदलायची, पुढचं स्टेशन सिटी हॉल, वर आलं की ट्रॅक. त्या वीकेंडला मेट्रो उशिरापर्यंत चालू ठेवतात. दुसरा फायदा जेवणाचा. सेरंगून रोडवर कोमला विलास आहे, १९४७ पासूनचं शाकाहारी हॉटेल. रोज दुपारी तिथे पोटभर जेवून निघायचं, कारण बाहेरचं खाणं ट्रॅकवर आत नेता येत नाही आणि आतलं महाग. त्यातही आम्हाला शाकाहारी म्हणून बटाट्याच्या चिप्सवर रात्र काढावी लागली. मी बरोबर नेलेल्या मेथीच्या दशम्या आम्ही हॉटेलवर परतल्यावर रात्री एक वाजता खायचो. पाण्याची चिंता नको, तिथे नळाचं पाणी पितात.

तिकिटं. शुक्रवारी आम्ही नुसतं फिरायचं, म्हणजे झोन चारचं वॉकअबाऊट तिकीट घेतलं. शनिवार-रविवार पडांग मैदानावरच्या स्टँडमध्ये बसायचं. हा क्रम मी पुन्हा असाच ठेवीन. पहिल्या दिवशी फिरल्यामुळे स्वच्छतागृह कुठे, पाणी कुठे भरायचं, चुकामूक झाली तर कुठे भेटायचं हे सगळं पाठ झालं. ओजसच्या हातावर मी रोज पेनाने आमचा फोन नंबर लिहायची. पण वॉकअबाऊट तिकिटावर मुख्य शर्यत बघायचा बेत मुलांना घेऊन करू नका. चांगल्या जागा आधी येणाऱ्यांच्या, आणि सात वर्षांच्या मुलाला माणसांच्या पाठी आणि जाळी याखेरीज काही दिसत नाही. अँडरसन पुलाजवळ नवऱ्याने त्याला खांद्यावर घेतलं तेव्हा कुठे त्याला गाडी दिसली. १९१०चा तो लोखंडी कमानींचा पूल. त्याच्या पोटातून ती गाडी अशी निघाली की ओजसने दोन्ही हातांनी बापाचे केस धरले.

आवाजाबद्दल. २०१४ पासून १.६ लिटरचं व्ही-सिक्स हायब्रिड इंजिन आलं, तेव्हापासून पूर्वीइतका कर्कश आवाज राहिलेला नाही. पण दोन्ही बाजूंना इमारती आहेत, आवाज त्यांच्यात कोंडतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलपथकाच्या अगदी पुढे उभं राहिल्यावर छातीत जसं होतं, तसं इथे कानात होतं. लहान मुलाला कानावर बसणारे मफच हवेत, बोळे तो काढून टाकतो. अण्णांनी मात्र मुद्दाम काही घातलं नाही. डोळे मिटून ऐकत होते. चार-पाच फेऱ्या झाल्यावर म्हणाले, "सई, हा मघाचा नव्हे. हा गिअर उशिरा उतरवतोय." सईने पडद्यावर बघितलं. गाडी खरंच वेगळ्या संघाची होती.

पडांग स्टँडचं मोल मला तिथे बसल्यावर कळलं. गाड्या नवव्या वळणावरून सुटतात, सेंट अँड्र्यूज रोडवरून जुन्या सिटी हॉल आणि सुप्रीम कोर्टाच्या दगडी खांबांसमोरून दहाव्या वळणाकडे जातात. एक गाडी डोळ्यांसमोर दोन सेकंद असते. पुढे कोण, मागे कोण, हे समोरच्या मोठ्या पडद्याशिवाय कळतच नाही. म्हणून खुर्ची घेताना वळण कुठलं यापेक्षा पडदा सरळ दिसतो का ते आधी बघा. आमच्या पलीकडच्या रांगेतल्या दोन खुर्च्यांना तो तिरका दिसत होता.

आणि पडांग आम्हाला आणखी एका गोष्टीसाठी लक्षात राहील. ५ जुलै १९४३ रोजी याच मैदानावर, याच सिटी हॉलसमोर नेताजींनी आझाद हिंद सेनेची पाहणी केली आणि ‘चलो दिल्ली’ची हाक दिली. बाजूच्या एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूण आहे. मूळ स्मारक १९४५ साली इंग्रजांनी उडवून दिलं, ही खूण १९९५ची. शुक्रवारी अण्णा तिथे टोपी काढून उभे राहिले. मागून सरावाच्या गाड्यांचा आवाज येत होता, शेजारून लोक आइस्क्रीम खात जात होते. ते बराच वेळ हलले नाहीत आणि आम्हीही त्यांना हाक मारली नाही. मराठी माणसाने तिथे जाऊन ही जागा चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

शनिवारच्या तिसऱ्या सरावात ट्रॅकवर घोरपड आली. पळत सुटली आणि लाल बावटा दाखवून सगळ्या गाड्या थांबवल्या! जगातल्या सर्वांत वेगवान वीस गाड्या एका घोरपडीसाठी थांबल्या, ही ओजसच्या सहलीतली सगळ्यात मोठी गोष्ट. शाळेत त्याने तीच सांगितली. सईसाठी ती एफवन अकॅडमी होती, फक्त मुलींची मालिका, २०२३ला सुरू झालेली. २०२४ला फॉर्म्युला वनच्या दहाही संघांनी त्यात आपल्या रंगाची एकेक गाडी उतरवली होती. या शर्यतींना स्टँड अर्धा रिकामा असतो, लोक जेवायला गेलेले असतात. मुलगी बरोबर असेल तर तुम्ही जेवायला उठू नका. सई पूर्ण वेळ उभी राहून बघत होती. तिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या मुली त्याच भिंतींमधून गाड्या काढत होत्या.

रात्री उकाडा कमी होईल असं वाटलं होतं. होत नाही. अंगाला हवा लागत नाही, नुसता ओलसर दमटपणा. या शर्यतीत ड्रायव्हरचं तीन किलोपर्यंत वजन घामाने जातं म्हणतात, ते तिथे बसून पटलं. सुती कपडे, प्रत्येकाला एक पंचा आणि मीठ-साखरेच्या पुड्या घ्या. पावसासाठी छत्री नको, ती उघडली की मागच्याला दिसत नाही. साधे प्लास्टिकचे रेनकोट पुरतात. अण्णांसारख्यांनी स्टँडमध्ये कडेची खुर्ची घ्यावी. जिने उंच आहेत आणि एकदा मधल्या खुर्चीत बसलं की उठायचा संकोच होतो.

खुद्द शर्यतीबद्दल खरं सांगायचं तर पुढच्या गाड्यांत चुरस नव्हती. लँडो नॉरिस पहिल्या जागेवरून निघाला आणि बासष्टच्या बासष्ट फेऱ्या पुढेच राहिला, दुसऱ्या आलेल्या वेरस्टॅपनच्या वीसेक सेकंद पुढे. २००८ पासून इथली एकही शर्यत सेफ्टी कारशिवाय, म्हणजे अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणाऱ्या गाडीशिवाय, झाली नव्हती, ती या वेळी पहिल्यांदा झाली. पण नॉरिस दोनदा भिंतीला घासला तेव्हा सगळा स्टँड एकदम उभा राहिला, आणि घरच्या सोफ्यावर हे कधीच होत नाही. शेवटी शेवटी डॅनियल रिकार्डोने सर्वांत वेगवान फेरी मारली. ती त्याची शेवटची शर्यत ठरली. सईचे डोळे भरले होते. ओजस चाळिसाव्या फेरीपासून माझ्या मांडीवर झोपला होता.

२०२६ची शर्यत ९ ते ११ ऑक्टोबरला आहे आणि त्या वर्षी इथे पहिल्यांदाच स्प्रिंट, म्हणजे छोटी जादा शर्यतही होणार, तेव्हा वर दिलेल्या शुक्रवार-शनिवारच्या वेळा तशाच्या तशा धरू नका. रविवारी, ११ तारखेला, घटस्थापना येते. घरी घट बसत असतील तर आत्ताच विचार करा.

बक्षीस समारंभ झाल्यावर ट्रॅक लोकांसाठी उघडला. गर्दी ओसरेपर्यंत थांबावं म्हणून आम्ही थोडं बसलो आणि मग खाली उतरलो. दिव्यांखाली डांबर पांढुरकं दिसत होतं, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला रबराचे काळे तुकडे पडले होते, काही शेंगदाण्याएवढे, काही करंगळीएवढे लांब. बुटांना चिकटत होते. अण्णा हळूच खाली वाकले, एक तुकडा उचलला, चिमटीत दाबून बघितला, दिव्याकडे धरला. अजून मऊ होता.

"हा बघ कीस," त्यांनी सईला दाखवलं, "लेथवर निघतो ना, तसाच पिळा पडलाय. वळणात टायर आडवं घासतं म्हणून."

सईने तो रुमालात बांधून घेतला. आता तो तिच्या कंपासपेटीत, कर्कटकाच्या शेजारी आहे.