ट्रेलरची बॅटरी चालत्या गाडीवरून भरताना: व्हिक्ट्रॉन ओरायन-टीआर स्मार्ट १२/१२-१८

ट्रॅव्हल ट्रेलरची बॅटरी ओढणाऱ्या गाडीच्या अल्टरनेटरला (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राला) थेट वायरने जोडून भरण्याची पद्धत जुनी असली, तरी ती बहुधा अपुरी पडते आणि काही वेळा धोकादायकही ठरते. इंजिनापासून ट्रेलरच्या बॅटरीपर्यंत जाऊन परत येणारी वायर सहज २० मीटर भरते. ६ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरमधून एवढ्या अंतरावर २० अँपिअर वाहू लागले, की वाटेतच एक व्होल्टहून अधिक घट होते. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरायला साधारण १४.४ व्होल्ट लागतात. तिथे सतत १३ व्होल्टच पोहोचत राहिले, तर ती नेहमी अर्धवट राहते आणि प्लेटांवर सल्फेट साचून लवकर निकामी होते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीची अडचण नेमकी उलटी आहे. तिचा अंतर्गत रोध इतका कमी असतो, की वायर जाड असेल तर ती अल्टरनेटरकडून मिळेल तेवढा प्रवाह ओढते. गाडी उभी असून इंजिन मंद चालू असताना अल्टरनेटरचा पंखाही मंद फिरत असल्याने तो तापून जळण्याची भीती तेव्हाच सर्वाधिक असते.

या दोन्ही अडचणींवर डीसी-डीसी चार्जर, म्हणजे एका बॅटरीच्या व्होल्टेजवरून दुसरी बॅटरी भरणारा चार्जर, हाच नीट उपाय आहे. मी ज्याची शिफारस करतो तो व्हिक्ट्रॉन कंपनीच्या ओरायन-टीआर स्मार्ट मालिकेतील १८ अँपिअरचा चार्जर येणारे व्होल्टेज कमी असले तरी ते वाढवून बॅटरीच्या गरजेप्रमाणे टप्प्याटप्प्याने देतो आणि प्रवाहाला मर्यादाही घालतो. त्यावर पडदा नाही. सर्व सेटिंग ब्लूटूथवरून फोनवर करावी लागते, जे काहींना रुचणार नाही.

याच मालिकेतील ३० अँपिअरचा मोठा प्रकार घेण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठा प्रकार सुमारे ३६० वॅट देतो आणि तेवढे देण्यासाठी, रूपांतरातील तूट धरता, १२ व्होल्टवर जवळजवळ ३४ अँपिअर ओढतो. गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सात पिनांच्या कनेक्टरमधील चार्जिंगची वायर आणि तिचा फ्यूज सहसा ३० अँपिअरपर्यंतच असतात. १८ अँपिअरचा प्रकार सुमारे २२० वॅटचा असून तो २१-२२ अँपिअरवर भागवतो, म्हणून गाडीची मूळ वायर आणि कनेक्टर सुस्थितीत असतील तर त्याला पुरतात. मोठाच हवा असेल तर गाडीच्या बॅटरीपासून स्वतंत्र जाड केबल आणि तिला साजेसा वेगळा कनेक्टर टाकावा लागतो, आणि मग खर्चाचे गणित पूर्ण बदलते.

इंजिन चालू आहे की नाही हे हा चार्जर येणाऱ्या व्होल्टेजवरून ओळखतो. लांब वायरवर हीच गोष्ट त्रासाची ठरू शकते: भार पडताच व्होल्टेज खाली येते, चार्जर इंजिन बंद झाले असे समजून थांबतो, मग व्होल्टेज वर जाते आणि तो पुन्हा सुरू होतो. इंधन वाचवण्यासाठी व्होल्टेज मुद्दाम कमी ठेवणाऱ्या आधुनिक अल्टरनेटरबरोबर हा प्रकार अधिक संभवतो. इग्निशनकडून एक बारीक वायर आणून चार्जर सुरू करण्याची सोय त्यात आहे. ती वापरावी, म्हणजे उभ्या गाडीची बॅटरी रिकामी होण्याचा प्रश्नही मिटतो. लिथियम बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली भरू नये, म्हणून बॅटरीच्या बीएमएसची (तिचे रक्षण करणाऱ्या सर्किटची) बंद करण्याची सूचनाही चार्जरच्या रिमोट टर्मिनलला जोडून घ्यावी.

चार्जर ट्रेलरच्या बॅटरीजवळ बसवावा, पण तिच्याच बंद पेटीत नको. लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. चार्जरला पंखा नसल्याने वर-खाली १० सेंटिमीटर मोकळी जागा हवी, आणि सभोवतालचे तापमान ४० अंशांपुढे गेले की तो स्वतःच प्रवाह घटवतो. गाडीकडून ट्रेलरकडे येणाऱ्या वायरच्या दोन्ही टोकांना बॅटरी असते, त्यामुळे फ्यूजही दोन्ही टोकांना, बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत बसवावा. एकाच टोकाला फ्यूज असणे म्हणजे अर्धे संरक्षण, आणि नेमके हेच सर्वाधिक दुर्लक्षिले जाते.

अपेक्षा मात्र माफक ठेवाव्यात. अर्धी रिकामी १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी तीन-साडेतीन तासांच्या प्रवासात भरते. लेड-ॲसिडला शेवटचा भाग सावकाश घेण्याची सवय असल्याने बराच जास्त वेळ लागतो. प्रवासात फ्रिज १२ व्होल्टच्या हीटरवर चालवला, तर मिळणाऱ्या प्रवाहाचा अर्ध्याहून अधिक भाग तोच खातो. अशा वेळी तो गॅसवर चालवावा, असा सल्ला काही देतील, पण चालत्या गाडीत पेटता बर्नर मला सुरक्षित वाटत नाही, म्हणून फ्रिज निघण्याआधीच थंड करून घ्यावा आणि छपरावरच्या सोलर पॅनेलची जोड द्यावी. ओरायनमध्ये सोलरची सोय नाही, त्यासाठी वेगळा कंट्रोलर घ्यावाच लागतो.