धाराशिवातलं आमच्या भागातलं खो-खो मंडळ : लेकरांबरोबर पालकांनाही कामाला लावणारं

धाराशिवात मुलीला खो-खोला घालायचं असेल, तर आमच्या भागातल्या या मंडळाचं नाव मी बिनधास्त सुचवीन. मात्र लेकरू मैदानावर सोडून लगेच घरी निघायचा विचार असेल तर इथं जमायचं नाही. इथं आई-बापालाही काम लागतं. मला मंडळाचं सगळ्यात जास्त हेच आवडलं.

खो-खोला सामान फार लागत नाही. दोन खांब, फक्की आणि सपाट जागा. माणसं मात्र भरपूर लागतात. एका संघात 12 जणी, त्यातल्या 9 मैदानात. त्यावर दोन पंच, एक सरपंच (म्हणजे मुख्य पंच), एक वेळाधिकारी आणि एक गुणलेखक. म्हणजे साधा सराव सामना नीट लावायचा म्हटलं तरी पाच मोठी माणसं पाहिजेत. या मंडळानं ती पालकांमधूनच तयार केली.

माझं स्टेशनरीचं दुकान आहे. मुलीचा फॉर्म भरताना सरांनी माझं अक्षर पाहिलं आणि म्हणाले, "ताई, गुणपत्रक तुम्ही सांभाळा." शाळा सुटल्यापासून मैदानाशी माझा संबंध उरला नव्हता. पण सरांनी शेजारी बसवून शिकवलं. पळणाऱ्या तिघी-तिघींच्या तुकडीनं आत येतात. कोणती किती वेळ टिकली, तिला कुणी मारलं म्हणजे बाद केलं, नुसत्या हातानं की सूर मारून की खांबावर, सगळं तिथल्या तिथं लिहायचं. कधी कधी पाच-सहा सेकंदांत दोघी बाद होतात, तेव्हा मान वर करायलाही फुरसत नसते. स्वतःची लेक बाद झाली तरी कागदावर तिचा नंबरच जातो. शेजारी स्टॉपवॉच घेऊन एसटीतून रिटायर झालेले एक मामा बसतात. त्यांच्या घरचं कुणीच खेळत नाही, तरी ते वेळेवर हजर असतात. वेळेवरून पोरींनी वाद घातला की घड्याळ त्यांच्या हातात देतात आणि म्हणतात, "घे बाई, तूच बघ."

मैदानावर मुरूम टाकायचा होता तेव्हा एकानं ट्रॅक्टर दिला, दुसऱ्यानं डिझेल भरलं, पसरायला मोठी मुलं-मुली सगळी आली. उन्हाळ्यात गल्लीत टँकर यायला लागले की मैदानावर पाणी मारणं बंद होतं आणि सराव पहाटे होतो. धुळीचा त्रास होतो, पण हा निर्णय मला पटतो. रविवारी सकाळी कुणीही खेळावं. आम्ही बायका साड्यांवर, पंजाबी ड्रेसवर पळतो, आणि खो चुकीच्या बाजूनं दिला की आमच्याच मुली आम्हाला फाउल देतात.

आपल्या गावाला या खेळाची मोठी परंपरा आहे. सारिका काळे इथलीच. 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या कप्तानीखाली भारतानं सोनं जिंकलं आणि 2020 मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. 19 जानेवारी 2025 ला दिल्लीत पहिल्या विश्वचषकाच्या फायनलमध्ये आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 असं हरवलं, तेव्हा मंडळानं भिंतीवर पडदा लावून सामना दाखवला. कप्तान प्रियांका इंगळे मूळची शेजारच्या बीड जिल्ह्यातली, म्हणून म्हाताऱ्या बायासुद्धा खुर्च्या ओढून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी तीन-चार नव्या मुली नाव घालायला आल्या. त्यातल्या एकीला तिची आजी घेऊन आली होती.

आता उणिवा. मैदानाजवळ मुलींसाठी स्वच्छतागृह नाही. समोरच्या घरातल्या काकू दार उघडं ठेवतात म्हणून भागतं, पण मंडळानं हे काम मुरुमाच्या आधी करायला हवं होतं. सामन्याला कोण जाणार याची यादी रात्री उशिरा ग्रुपवर पडते, मग सकाळी डबा आणि प्रवासाची धांदल. थंडीत अंधार लवकर पडतो आणि एकच हॅलोजन आहे, त्याचा उजेड पलीकडच्या खांबापर्यंत पोचत नाही. तिथं सूर मारताना मुलींची कोपरं खरचटतात. दुसऱ्या दिव्यासाठी वर्गणी चालू आहे, मीही दिली.

फी महिना 150 रुपये. ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून घेत नाहीत आणि त्याचा कुठं बोभाटाही करत नाहीत. नाव घालायचं असेल तर संध्याकाळी साडेपाचच्या आत या, एकदा सामना सुरू झाला की सर कुणाशी बोलत नाहीत. आणि थोडा वेळ काढून या. सध्या पंचांची कमतरता आहे, तुम्हाला शिट्टी हातात मिळण्याची बरीच शक्यता आहे.