पुराचा गाळ धुवायला बागेतला एचटीपी पंप: कितपत कामाचा?

चिपळूणच्या बाजारपेठेत ज्यांनी गाळ उपसलाय त्यांना वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ झाला, २२ जुलै २०२१ झाला. वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी आलं तसं गेलं, मागे चिखल ठेवून. लोण्यासारखी बारीक माती, त्यात गटाराची घाण, सांडलेलं डिझेल आणि भिजलेला किराणा. ओला आहे तोवर फावड्यावर येतो. एकदा का वाळला की जांभ्याच्या भोकांत आणि लाद्यांच्या सांध्यांत असा बसतो की खरवडूनच काढावा लागतो.

अशा वेळी लोक आधी विजेवरच्या छोट्या प्रेशर वॉशरकडे धावतात. गाडी धुवायला तो झकास आहे. गाळाला मात्र उपयोग नाही. दाब १००-१३० बार, पण पाणी मिनिटाला जेमतेम ६-७ लिटर. सुटलेला चिखल वाहत अंगणापर्यंत न्यायला दाबापेक्षा पाणी जास्त लागतं. शिवाय पूर ओसरल्यावर चार-चार दिवस लाईट नसते आणि १५००-१८०० वॉटची मोटर सुरू होताना एवढा करंट ओढते की छोटा जनरेटर बंद पडतो.

त्यापेक्षा आंब्याच्या बागेत औषध फवारायचा एचटीपी पंप बरा. रत्नागिरी जिल्ह्यात तो शोधावा लागत नाही. तीन पिस्टनचा पंप, पट्ट्यावर चालणारं पेट्रोल इंजिन, साडेआठ एमएमचा होज आणि पुढे गन. २२ नंबरचा पंप मिनिटाला २० लिटरच्या आसपास पाणी देतो, ३० नंबरचा ३५-४०. अर्थात इंजिन किती फिरवता त्यावर ते ठरतं. एका घराला २२ नंबर पुरतो. दुकानांची ओळ किंवा शाळा धुवायची असेल तर ३० घ्या, पण २०० लिटरचा ड्रम तो पाच-सहा मिनिटांत रिकामा करतो. टँकर येणार कधी याचा हिशोब आधी करा, नाहीतर इंजिन चालू, गन हातात आणि ड्रम कोरडा.

पंप लावायच्या आधीचं काम मात्र हातानंच होतं. गाळ घोट्याएवढा असताना पाणी मारलं तर निम्मा गाळ पुढच्या खोलीत जातो. खोरं, घमेलं, रबरी वायपर, आणि बोटभर थर उरेपर्यंत उपसा. सगळ्यात आधी मोरीचं तोंड चिंध्यांचा बोळा घालून घट्ट बंद करा. तीन इंची पाइपात हा गाळ एकदा उतरला की घर धुऊन झाल्यावर फरशी फोडायची वेळ येते. भिंतीवरची पाण्याची रेघ धुण्याआधी फोटो काढून ठेवा, पंचनाम्याला लागतो.

या पंपाचा खरा वैरी म्हणजे गढूळ पाणी. विहिरीतलं किंवा पऱ्ह्यातलं (ओढ्यातलं) पाणी थेट ओढलं की माती पिस्टनभोवतीच्या पॅकिंगवर कानसीसारखी चालते. ड्रमच्या तोंडावर जुनं सुती लुगडं दुहेरी बांधून पाणी गाळून घ्या. सक्शनची जाळी तळाला टेकू देऊ नका, वीतभर वर टांगती ठेवा. बायपासची, म्हणजे जादा पाणी परत सोडणारी नळी ड्रममध्येच, पण जाळीपासून लांब सोडा. जवळ असली तर बुडबुडे आत जातात, पंप खडखडतो आणि गन उचक्या देते. उचक्या लागल्या की लोक इंजिन वाढवतात. ते उलटं आहे. इंजिन कमी करा, जाळी झटका. पंपावरच्या ग्रीसच्या वाट्या दर दोन तासांनी एकेक फेरा आवळा. पट्टा ओला झाला की घसरतो आणि जळका वास येतो, म्हणून वर पत्र्याचा तुकडा तरी धरा.

दाब किती ठेवायचा, इथे बहुतेकांचं चुकतं. फरशीवर काट्यावरचा २०-२५ किलो दाब चालतो (एक किलो म्हणजे साधारण एक बार). जांभ्याच्या भिंतीला १० किलोच्या वर जाऊ नका. गन दोन-तीन फूट लांब धरा आणि मागची मूठ फिरवून फवारा पंख्यासारखा पसरवा. सुईसारखी धार जवळून मारली की चिऱ्याचा पृष्ठभाग सुटतो. जुन्या घरात चिऱ्यांमध्ये मातीचा नाहीतर चुन्याचा भराव असतो, तो सांध्यातून लाल पाणी होऊन खाली येतो. बघणाऱ्याला वाटतं गाळच निघतोय! पाणी लाल दिसलं आणि बोटाला खर लागली की थांबायचं. लाकडी चौकटींना धार नकोच, ओलं फडकं. स्विचबोर्डाकडे तर मेन स्विच बंद असला तरी गन वळवू नका. वायरीच्या पाइपात चिखल ठासला जातो आणि वायरमनचं काम दुप्पट होतं.

दोन गोष्टी जिवावरच्या. इंजिन घरात, पडवीत किंवा अर्ध्या शटरच्या आत चालवायचं नाही. पेट्रोलच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस बसल्या जागी गळतो. इंजिन रस्त्यावर, होज आत. पन्नास मीटर होज घरभर पुरतो, त्यापेक्षा लांब जोडला तर गनपाशी दाब राहत नाही. दुसरं असं की हा पंप औषध फवारणीचा आहे. टाकी, होज, गन धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं तीनदा खळबळून काढा, आणि तरीही स्वयंपाकघरातली भांडी, पिण्याच्या पाण्याची टाकी, धान्याची कणगी यांना या होजचं पाणी लावू नका. तेवढं बादली-तांब्यानं करा. फवाऱ्याचे तुषार तोंडावर उडतात आणि त्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू असू शकतात, तेव्हा गमबूट, हातमोजे, चष्मा, मास्क हवाच. पायाला जखम असेल तर गाळात उतरू नये. लेप्टोवरच्या डॉक्सीच्या (डॉक्सिसायक्लिन) गोळ्या डॉक्टरला विचारून.

ब्लीचिंग पावडरीचं पाणी पंपातून मारायचा मोह होतो. क्लोरीन पितळ आणि रबर दोन्ही खातं, पॅकिंग लवकर जातं. धुऊन झाल्यावर ते पाणी झाडूनं नाहीतर फडक्यानं वेगळं लावा, आणि त्याच मोरीत संडासचं ॲसिड ओतू नका. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू सुटतो.

खर्चाला पंप जड नाही, तासाला लिटरभराच्या आगेमागे पेट्रोल. भाड्यानं घेताना होजला भेगा आहेत का आणि दाबाचा काटा हलतो का एवढं बघून घ्या. पाचपैकी चार गुण. एक कापला तो पॅकिंगसाठी.

काम संपलं की स्वच्छ पाण्यावर दहा मिनिटं चालवा आणि ऑइलच्या काचेत बघा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी आत गेलंय. ते काढून नवं भरा, पॅकिंग लगेच बदला. तसाच कोपऱ्यात ठेवलात तर मोहोरावरच्या पहिल्या फवारणीला पंप बाहेर काढाल तेव्हा पिस्टन गंजून अडकलेले असतील आणि मेकॅनिककडे अख्ख्या वाडीचे पंप आधीच रांगेत असतील.