प्रेशर वॉशर कोकणातल्या घरावर: दिवाळीपासूनच्या वापरानंतर

मशीन साधं घरगुती आहे: 1600 वॅट, खोक्यावर छापलेला कमाल दाब 120 बार, पाणी मिनिटाला साधारण साडेसहा लिटर. गेल्या दिवाळीपासून ते जांभ्याचं कुंपण, पेव्हर ब्लॉकचं अंगण आणि रंगवलेल्या भिंतींवर चाललंय. अंगणाला उत्तम, भिंतींना बेताने, मंगलोरी कौलांना मात्र लावूच नये. कौलांवर पाणी वरून खाली वाहावं अशीच त्यांची रचना असते. खालून फवारा मारला की पाणी सांध्यांतून आत शिरतं, रिपा भिजतात आणि जुनी कौलं सरकतात.

सगळ्यात जास्त डोकेदुखी पाण्याची. गच्चीवरची टाकी नळापेक्षा तीन-चार मीटर उंच असेल, तर नळाला जेमतेम 0.3 ते 0.4 बार दाब मिळतो. मशीनला तो पुरत नाही, मग फवारा तुटक येतो आणि पंप गुरगुरतो. अर्धा इंची पाइप, नळ पूर्ण उघडा आणि मशीनमध्ये पाणी शिरतं तिथली जाळी साफ, एवढ्याने बऱ्याचदा भागतं. नाही भागलं तर पिंपातून पाणी ओढणारं मशीन असेल तरच पिंप भरून शेजारी ठेवावं. एकूण तासभर चालवलं तर 390 लिटर पाणी जातं, हा हिशेब आधीच करावा. विहिरीचं पाणी असेल तर जाळी दर वेळी काढून धुवावी.

सुरू करताना आधी नळ सोडायचा आणि मशीन बंद ठेवूनच गनचा ट्रिगर दाबून धरायचा. हवेचे बुडबुडे संपून सलग धार आली की मगच बटण. कोरडा पंप चालला की आतली सीलं जातात. बंद करतानाही बटण, मग नळ, मग ट्रिगर दाबून पाइपमधला दाब मोकळा करायचा. हे विसरून गन काढायला गेलं की ती उडते.

वीज: 1600 वॅट म्हणजे सुमारे 7 अँपिअर, त्यामुळे 16 अँपिअरचाच सॉकेट हवा. एक्स्टेन्शन तीन तारांची, 1.5 चौरस मिलिमीटरची आणि पूर्ण उलगडलेली. तिचा जोड जमिनीवर नको, स्टुलावर ठेवावा. लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय हे मशीन लावूच नये, आणि त्याचं टेस्ट बटण त्याच दिवशी दाबून पाहावं. मीटरची पेटी, बाहेरचे स्विच आणि एसीचं बाहेरचं युनिट यांच्यावर धार जाऊ देऊ नये. एसीच्या पातळ पत्र्या क्षणात वाकतात.

आता भिंत. शेवाळ दाबाने निघत नाही, भिजवल्याने निघतं. घरगुती ब्लीच (4 ते 5 टक्के हायपोक्लोराइट) एक लिटर आणि पाणी चार लिटर असं बागेच्या फवारणी पंपाने खालून वर मारावं, 10 ते 15 मिनिटं ठेवावं, वाळू देऊ नये. धुताना मात्र वरून खाली. झाडं आधी आणि नंतर साध्या पाण्याने भिजवावीत. हे मिश्रण प्रेशर वॉशरमधून अजिबात सोडू नये, सीलं खराब होतात. संडास साफ करायचं अ‍ॅसिड त्यात मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो, तो जीवघेणा आहे.

रंगवलेल्या भिंतीला 40 अंशांचं (म्हणजे धार तेवढ्या कोनात पसरवणारं) पांढरं नोझल, दोन फुटांवरून. आधी तळहात फिरवून पाहावा. पांढरी भुकटी हाताला लागली किंवा पोपडे दिसले, तर तो रंग टिकणार नाही असं समजावं. भेगा आधी बुजवाव्यात, नाहीतर पाणी गिलाव्याच्या मागे जातं. पुन्हा रंग द्यायचा असेल तर दोन-तीन दिवस चांगलं ऊन खाऊ द्यावं.

जांभ्याकडे नीट लक्ष द्यावं लागतं. निघणारं पाणी हिरवं-काळं असेपर्यंत शेवाळ निघतंय. वरची धूळ गेल्यावरही पाणी लाल येतच राहिलं, तर चिराच झिजतोय, तिथेच थांबावं. सांध्यांतला जुना चुना तर दगडाच्याही आधी जातो. फिरतं टर्बो नोझल आणि 0 अंशाचं लाल नोझल या दगडाला कधीच लावू नये. पांढरं नोझल अडीच फुटांवरून, आणि उरलेलं काळं खराट्याने घासून.

अंगणाला 25 अंशांचं हिरवं नोझल, वीतभर अंतरावरून, तिरपं धरून. ब्लॉकच्या फटींतली वाळू थोडी निघतेच. वाळल्यावर बारीक कोरडी वाळू झाडूने भरून घ्यावी, नाहीतर ब्लॉक हलायला लागतात.

शिडीवर उभं राहून गन चालवू नये, धक्क्याने तोल जातो. गनला लांब दांडीसारखी नळी जोडून जमिनीवरूनच धुवावं. चष्मा आणि बंद बूट हवेतच. धार कातडीत घुसली तर वरून टोचल्याएवढीच जखम दिसते, पण आतली इजा मोठी असते. तेव्हा लगेच हॉस्पिटल गाठावं.

इतक्या महिन्यांत झिजल्या त्या गनच्या जोडातल्या ओ-रिंगा, म्हणजे गळती थांबवणाऱ्या रबरी कड्या. तिथून थेंब गळू लागले की ट्रिगर न दाबताही मोटर मधूनमधून आपोआप चालू-बंद होते. रिंग बदलली की ते थांबतं. फवारा एका बाजूला जाऊ लागला तर नोझल काढून बारीक सुईने साफ करावं. कार्बन ब्रशची मोटर असल्याने वीसेक मिनिटांनी विश्रांती द्यावीच लागते. मोठं अंगण असेल तर इंडक्शन मोटरचं घ्यावं, जड आणि महाग असलं तरी.