लिनक्स मिंट २२: जुन्या इंटेल लॅपटॉपसाठी उत्तम, फक्त बूट होतानाच्या त्या एका ओळीला घाबरू नका

विंडोज १० चे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीचे धडधाकट लॅपटॉप अडगळीत जायची वेळ आली. या मशीनसाठी लिनक्स मिंट २२ या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची सिनॅमन आवृत्ती आज सर्वांत बिनधोक निवड आहे. ४ जीबी रॅमवर निभावते, ८ जीबीवर मोकळेपणाने चालते आणि सुरक्षा अपडेट २०२९ पर्यंत मिळत राहतील. खोट एकच, पण ती पहिल्याच मिनिटाला दिसते.

मशीन चालू केलं की मिंटचं चिन्ह येण्याआधी काळ्या पडद्यावर, डावीकडे वर, एक ओळ उमटते: ‘एक्स८६/सीपीयू: एसजीएक्स डिसेबल्ड बाय बायॉस’. म्हणजे बायॉसने (मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामने) एसजीएक्स बंद ठेवलं आहे. नव्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) तीच ओळ ‘डिसेबल्ड ऑर अनसपोर्टेड’ अशी येते. त्यानंतर डेस्कटॉप नीट येत असेल, तर काहीही बिघडलेलं नाही.

एसजीएक्स ही प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय आहे. रॅमचा एक तुकडा कुलूपबंद करून प्रोग्रामला त्यात गुपितं ठेवता येतात, खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमलाही तिथे डोकावता येत नाही. २०१५ मध्ये सहाव्या पिढीसोबत ती आली आणि अकराव्या पिढीपासून इंटेलने घरगुती कोअर प्रोसेसरमधून ती काढून घेतली. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, व्हीएलसी यांपैकी कुणालाच तिची गरज नाही. मग ओळ दिसते का? ग्रब म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम; त्यातला ‘क्वाएट’ हा शब्द ४ आणि त्यापुढच्या पातळीचे संदेश झाकतो, आणि कर्नलने या ओळीला ३ म्हणजे ‘एरर’ ही पातळी दिली आहे. साध्या माहितीला एररच्या रांगेत बसवणं मला चूक वाटतं. नवख्या माणसाचा धीर तिथेच सुटतो.

बायॉसमध्ये जाऊन एसजीएक्स चालू करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. ‘एनेबल्ड’ केलं की बायॉस १२८ एमबीपर्यंत रॅम त्यासाठी राखून ठेवतं, आणि ४ जीबीच्या मशीनवर ते जाणवतं. ‘सॉफ्टवेअर कंट्रोल्ड’ ठेवलं तर ओळ जातच नाही. शिवाय २०१८ चा फोरशॅडो आणि २०१९ चा प्लंडरव्होल्ट हे हल्ले याच सोयीवरचे. वापर नसेल तर ती बंदच बरी.

ओळ घालवायचा उपाय दोन मिनिटांचा आहे. टर्मिनलमध्ये ‘सुडो नॅनो’ने ईटीसी फोल्डरच्या आतल्या ‘डिफॉल्ट’मधली ‘ग्रब’ ही फाइल उघडा. ‘ग्रब सीएमडीलाइन लिनक्स डिफॉल्ट’ या ओळीत अवतरणचिन्हांच्या आत ‘क्वाएट स्प्लॅश’ असेल. त्यापुढे एक जागा सोडून ‘नोएसजीएक्स’ लिहा: एन, ओ, एस, जी, एक्स, सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा नाही. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. मग ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवून रीस्टार्ट करा. अपडेट-ग्रब विसरलात तर बदल लागू होत नाही, आणि नेमकी हीच पायरी बहुतेकांची राहते.

आता खरी अडचण. मशीन त्या ओळीवरच थिजून राहिलं, तरी दोष तिचा नसतो. ‘क्वाएट’मुळे पुढचं सगळं झाकलेलं असतं, म्हणून ही ओळ शेवटची वाटते. चालू करताना एस्केप, जुन्या बायॉसवर शिफ्ट, दाबून ग्रबचा मेनू आणा. ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतून ‘क्वाएट स्प्लॅश’ खोडा आणि एफ१० दाबा. हा बदल तेवढ्या एका बूटपुरताच असतो. आता पडद्यावर धावणाऱ्या ओळींमधली शेवटची ओळ वाचा. तिथे ‘नूव्हो’ (एन, ओ, यू, व्ही, ई, ए, यू) दिसलं तर एनव्हिडिया ग्राफिक्सवर संशय घ्या: त्याच ठिकाणी ‘नोमोडसेट’ (एन, ओ, एम, ओ, डी, ई, एस, ई, टी) घालून आत शिरा आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून शिफारस केलेला ड्रायव्हर टाका. गाडी ‘इनिटरॅमएफएस’च्या प्रॉम्प्टवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या ओळीवर, थांबली असेल तर डिस्क तपासायची आहे. ‘एफएससीके -वाय’पुढे वरच्या संदेशात दिलेलं पार्टिशनचं नाव लिहा, काम झाल्यावर ‘एक्झिट’. जुन्या हार्डडिस्कवर हे पुन्हा पुन्हा होत असेल तर आधी बॅकअप घ्या, मग एसएसडी बसवा.

बायॉसमधली एक सोय मात्र खरोखर चालू करण्याजोगी आहे. व्हर्च्युअल मशीन (एका संगणकाच्या आत दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) चालवायची असेल आणि कर्नल ‘केव्हीएम: डिसेबल्ड बाय बायॉस’ म्हणत असेल, तर बायॉसमध्ये ‘इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ चालू करा, सेव्ह करा आणि लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. काही मशीन नुसत्या रीस्टार्टने हा बदल उचलत नाहीत.