बोगमाळोचं नौदल हवाई संग्रहालय: ‘व्हाइट टायगर्स’साठी तरी जाच

दाबोळी विमानतळाजवळच्या या संग्रहालयात विमानं बरीच आहेत, पण वेळ कमी असेल तर सी हॉक आणि सी हॅरियर या दोघांनाच द्या. ‘व्हाइट टायगर्स’ म्हणजे आयएनएएस ३०० या नौदलाच्या लढाऊ विमानांच्या तुकडीचा (स्क्वाड्रनचा) ५० वर्षांहून अधिक इतिहास या जोडीत आहे.

७ जुलै १९६० रोजी ब्रिटनमधल्या ब्रॉडी तळावर सी हॉक घेऊन स्क्वाड्रन उभी राहिली. डिसेंबर १९७१ च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू नौकेवरून तिने कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवले. तेव्हाचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळालं. सी हॉकचं शेपूट बघू नका, पंखाच्या मुळामागे बघा: इंजिनाचा झोत दुभागून दोन्ही बाजूंनी बाहेर पडतो, त्यामुळे मागचा भाग इंधनटाकीला मोकळा राहतो. डोकेबाज काम!

१९८३ मध्ये सी हॅरियर आली, जागच्या जागी हवेत तरंगू शकणारी. तिचे चार नोझल, म्हणजे झोत बाहेर सोडणारी फिरती तोंडं, वाकून नीट पाहा. पुढच्या दोनांतून इंजिनातल्या पंख्याची थंड हवा, मागच्या दोनांतून तापलेला झोत. तरंगताना तोल सांभाळतात ती नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांची छोटी हवाछिद्रं; ती बहुतेकांच्या नजरेतून सुटतात. उकाड्यात हवा विरळ, म्हणून जोर घटतो. मग इंजिनात पाणी फवारायचं, पण ते जेमतेम दीड मिनिट पुरतं.

२०१६ मध्ये हॅरियर निवृत्त झाली आणि स्क्वाड्रनकडे मिग-२९के आलं. मोठी विमानं उघड्यावर आहेत, तेव्हा सकाळीच जा, टोपी न्या. सोमवार टाळा.